भिंतीकडं केलेलं नाव

आप्पा,

दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसले आहे आणि तुम्हाला लिहिते आहे. अर्धंच अशासाठी, की पूर्ण ओढलं तर समोरचा चपलांचा दुकानदार तब्येत विचारायला येतो आणि उघडं ठेवलं तर गिऱ्हाईक येतं. मला दोघांचीही सारखीच भीती वाटते आहे. दुकान मांडून बसलेल्या बाईला गिऱ्हाइकाची भीती वाटते हे ऐकून तुम्ही मिशीत हसला असता. पण खरं सांगते, गेले चार दिवस फोन वाजला की मी दचकते, आणि नाही वाजला तर का वाजला नाही म्हणून जीव थाऱ्यावर राहत नाही. आत्ता दुपारचे तीन वाजलेत. सहा वाजता एक फोन यायचा आहे. त्याच्या आत तुमच्याशी बोलून घ्यावं म्हणून बसले.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात शहराचं नाव बदललं, दुकानांवरच्या पाट्या बदलल्या, आई गेली, आणि मी मुंबईची नोकरी सोडून इथं परत आले. यातलं शेवटचं तुम्हाला फार लागलं असतं. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून लोकांच्या भांड्यांवर नावं घालता घालता तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात, "पोरगी मुंबईला फ्याशनमधी हाय." फ्याशन म्हणजे नेमकं काय ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि पहिली दोनतीन वर्षं मलाही फारसं नव्हतं. मी एका कंपनीत पुढच्या हंगामाचे कपडे ठरवायची. मे महिन्याच्या घामात लोकरीचे नमुने आणि डिसेंबरात सुती. वीस वर्षं तेच. पुढं पुढं हाताखालची मुलं दर वर्षी आणखी लहान यायला लागली, आणि मी बैठकीत बोलायला लागले की मोबाइलमध्ये डोकं घालायला लागली. आपल्याला काढतील, ही भीती रोज डब्याबरोबर घेऊन जायचे. एक दिवस वाटलं, काढायच्या आधी आपणच निघावं. लोकांना मी ते धाडस म्हणून सांगते. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही माझा आवाज ओळखता.

जुन्या वस्तूंचं दुकान काढायचं डोक्यात आलं ते आईच्या माळ्यामुळं. ती गेल्यावर घर आवरताना वरून तांब्याचा बंब निघाला, दोन घागरी, एक परात आणि एक घंगाळ. घंगाळाचा फोटो मी मुंबईच्या एका मैत्रिणीला पाठवला, तर तिनं ते मागूनच घेतलं आणि दिवाणखान्यात फुलं ठेवायला वापरलं. मला वाटलं, यात काहीतरी आहे. औरंगपुऱ्यात गल्लीच्या आतल्या अंगाला एक गाळा मिळाला. खेड्यापाड्यात फिरून, घरं पाडायला काढलेल्या लोकांकडून भांडी, कुलपं, समया, पानाचे डबे, बंद पडलेली घड्याळं गोळा केली. आपल्या जुन्या घराशेजारच्या काकू पहिल्या दिवशी आल्या, सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आगं, एवढी शिकली, मुंबईला ऱ्हायली, आन् आता भंगार घेती व्हय?" मी म्हटलं, काकू, भंगार नाही, जुन्या वस्तू. त्या म्हणाल्या, "तेच की." आणि पेढा घेऊन गेल्या. लोक येतात, एखादी वस्तू उचलतात, उलटी करतात, "आमच्यात बी व्हती ही, मोडीत घातली" असं म्हणतात आणि ठेवून देतात. सहा महिने हे ऐकते आहे. दिवाळीपर्यंत बस्तान बसलं नाही तर गाळा सोडावा लागेल. आणि सोडून जाणार कुठं? माझ्या वयाच्या बाईला कपड्यांच्या धंद्यात आता कुणी उभं करत नाही. हे मी कुणाजवळ बोलत नाही. समोरच्या चपलावाल्याला सांगते, "छान चाललंय."

तुम्ही पायरीवर बसलेले मला अजून जसेच्या तसे दिसता. खाली दुमडलेलं पोतं, मांडीवर भांडं, डाव्या हातात छिन्नी, उजव्यात ती एवढीशी हातोडी. लग्नसराई आहे, आत दुकानात मापं चालली आहेत आणि बाहेर तुमच्यापुढं परातींची, पातेल्यांची चळत लागली आहे. मी शाळेतून येऊन तुमच्या शेजारी दप्तर टाकून बसले आहे. तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणता, "सांगा." तो नाव सांगतो. तुम्ही कामात असल्यासारखं दाखवता आणि परत म्हणता, "काय म्हणलात?" तो पुन्हा सांगतो. मग तुम्ही ओल्या चुन्यात काडी बुडवून भांड्यावर नाव लिहिता, त्याला वाचून दाखवता, आणि तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय छिन्नी टेकवत नाही. लोक वैतागायचे. एकदा मी घरातल्या रिकाम्या डब्याच्या झाकणावर तुमची छिन्नी घेऊन सरळ ठोकायला बसले, तर तुम्ही माझ्या हातातून ती काढून घेतलीत. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. म्हणालात, "पाटीवरचं पुसतं. हे पुसत नाय. आधी इचारायचं, मग ठोकायचं." मला त्या दिवसापासून छिन्नीचा धाक बसला तो बसलाच.

तुमचं अक्षर वळणदार नव्हतं, सरळसोट होतं, पण शिरोरेघ संपताना तुमची छिन्नी किंचित खाली वळायची. प्रत्येक वेळी. आई म्हणायची, हात घसरतो. तुम्ही म्हणायचात, घसरत नाय, थांबतो. ती खूण आपल्या घराला ठाऊक होती आणि पलीकडच्या बोळातल्या कल्हईवाल्या चाचांच्या घराला. चाचांनी तुम्हाला उर्दू अक्षरं काढायला शिकवली होती. तुम्हाला वाचता येत नव्हती, पण चाचा कागदावर लिहून द्यायचे आणि तुम्ही उजवीकडून डावीकडं अशी ठोकायचात की त्यांच्या मोहल्ल्यातली लग्नाची भांडीसुद्धा तुमच्याकडंच यायची. आणि गंमत म्हणजे त्या नावांच्या शेवटीही छिन्नी खाली वळायची.

मला फुलंब्रीच्या त्या लोकांचा दिवस आठवतो. मी चौथीत असेन. मुलीच्या लग्नाची भांडी, सगळ्यांवर तिचं नाव घालून झालेलं, आणि लग्न मोडलं. वडील आणि चुलता बैलगाडीभर नाही तरी एका रिक्षाभर भांडी परत घेऊन आले. धाकटीचं जमलं होतं, तीच भांडी तिला द्यायची होती, म्हणून थोरलीचं नाव घासून तिथं धाकटीचं घालायचं होतं. दुकानाचे शेटजी म्हणाले, त्यात काय, देऊ करून. तुम्ही भांडं हातात घेतलं, नाव वाचलं आणि खाली ठेवलंत. म्हणालात, "घालून देतो दुसऱ्या बाजूला. हे काढायचं काम मी करत नाय." शेटजींना आधी वाटलं तुम्ही थट्टा करताय. मग त्यांचा पारा चढला. गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "पायरी माझी हाय, ध्यानात ठिवा." तुम्ही पोतं झटकलंत, छिन्नी-हातोडी फडक्यात गुंडाळलीत आणि उठलात. मी तुमचा हात धरला होता. तुम्ही माझी बोटं दुखेपर्यंत आवळून धरलीत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुम्हीसुद्धा घाबरता. पुढं बरेच महिने तुम्ही देवळाबाहेर बसत होतात, तिथं कुणी भांडी घेऊन येत नव्हतं, आणि घरात आई डाळीत पाणी वाढवत होती. मी एकदा चिडून विचारलं, एवढं नाव काढलं असतं तर काय झालं असतं? तुम्ही जेवत होतात. वर न बघता म्हणालात, "ते त्या पोरीला इचार." एवढंच. मला वाटलं तुम्ही मला उडवून लावलंत. शेवटी शेटजींनीच माणूस पाठवून तुम्हाला परत बोलावलं, कारण बाकीच्यांच्या हातून नावं वाकडी जात होती.

मी मुंबईला निघाले तेव्हा तुम्ही मला स्टीलचा डबा दिलात, झाकणावर माझं पूर्ण नाव, तुमच्यासकट. वसतिगृहातल्या मुलींच्या डब्यांवर काही लिहिलेलं नसायचं. एकीनं विचारलं, "हरवेल म्हणून घातलंय का?" आणि सगळ्या हसल्या. त्यानंतर मी तो डबा फडताळात नाव भिंतीकडं करून उभा ठेवायची. वापरत होते, पण तसा. तुम्ही एकदाच मुंबईला आलात तेव्हा मी तुम्हाला ऑफिस दाखवलं होतं. टांगलेल्या एका झग्याचा गळा तुम्ही उलटा केलात, आतली पट्टी बोटानं चाचपलीत आणि विचारलंत, "हे कुणाचं नाव?" कंपनीचं, मी म्हटलं. "शिवलं कुणी?" ते कुठं लिहितात, आप्पा. "आन् तुझं?" मी म्हटलं, तुम्ही तरी भांड्यावर स्वतःचं कुठं घालता? तुम्ही जरा विचार केलात. "मी वापरणाराचं घालतो," म्हणालात. तिथं उभ्या असलेल्या मुली ऐकत होत्या, म्हणून मी घाईनं विषय बदलला.

आता चार दिवसांपूर्वीचं सांगते. मुंबईच्या ओळखीतून एक बाई मिळाली, ती मोठ्या लग्नांची सजावट करते. तिला एकतीस पितळी भांडी हवी होती, घागरी, हंडे, घंगाळं. माझ्या दुकानाला आलेलं हे पहिलं मोठं काम. फोनवर ती फार गोड बोलते. म्हणाली, "जुनी दिसायला हवीत हं. पण त्यांच्यावर नावं नकोत. पाहुण्यांना विचित्र वाटतं, कुणाच्या तरी घरातून आणल्यासारखं." मी म्हटलं, कुणाच्या तरी घरातूनच आणली आहेत. ती हसली. "तेच दिसायला नको ना." या धंद्यात हे मला नवीन नव्हतं. नाव असलेल्या भांड्याला भाव कमी येतो, म्हणून लोक आधी पॉलिशच्या चाकावर नाव घासून काढतात, त्यात भांडं लख्ख नवं होतं, आणि मग औषध लावून त्याला परत जुनं करतात. वीस वर्षं कपड्यांत काढल्यावर मला याचं हसू यायला हवं होतं. आमच्याकडंही नव्या जीन्सचे गुडघे फाडायला माणसं ठेवली होती.

चाकाचं काम चितेगावला होतं. पैठण रोडला पत्र्याच्या शेडमध्ये कल्हईवाल्या चाचांचा मुलगा हेच काम करतो. चाचा गेल्यावर कल्हईला कोण विचारतं, म्हणून त्यानं चाक घेतलं. आता त्याची दाढी पांढरी झाली आहे. त्यानं मला ओळखलं, तुमचं नाव काढलं, चहा पाजला. मी भांडी टेम्पोतून उतरवून दिली आणि निघून आले. भांड्यांवरची नावं मी वाचली नव्हती. विकत घेताना उलटं करून नाव आहे एवढं बघते आणि फूल असलं तरी, अक्षर असलं तरी, बोट फिरवून पुढं जाते. सवयच लावून घेतली आहे. वाचलं की ती बाई डोळ्यांपुढं येते, मग भाव करता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा शेडमधून फोन आला. अक्षराबद्दल काहीतरी विचारत होता. चाकाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, मी हो म्हटलं, करून टाका.

काल संध्याकाळी तो स्वतः भांडी घेऊन आला. तीस भांडी टेम्पोतून उतरवली. सोन्यासारखी चमकत होती, औषध मी इथंच लावणार होते. एकावरही काही नव्हतं. मी हात फिरवून पाहिला, नुसतं गुळगुळीत. एकतिसावं त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरलं होतं. दुकानाच्या पायरीवर बसला, अगदी तुम्ही बसायचात तसा पाय दुमडून, आणि ते माझ्या पुढ्यात ठेवलं. "ये मेरेसे नै हुआ, ताई," म्हणाला. "ह्याची मजुरी नका देऊ." चहाही न घेता गेला. मी कागद सोडला. घागर होती, काळपट, पोटाला एक पोचा. कुण्या बाईचं नाव, खाली वडिलांकडून भेट. आणि शिरोरेघेच्या शेवटी छिन्नी खाली वळलेली.

मी तिथंच दुकानात बसून राहिले. आधी तुमचं अक्षर इतक्या वर्षांनी दिसलं म्हणून रडू आलं, आणि लगेच त्या तीस भांड्यांकडं नजर गेली. यात तुमच्या हातची किती होती? चार? दहा? कुणाच्या लेकींची? आता ते मला कधीच कळणार नाही. चितेगावच्या शेडमध्ये पिवळी भुकटी पडली असेल, तेवढंच. तुम्ही एका नावासाठी पायरी सोडलीत, आणि मी गाळ्यासाठी मोजलीसुद्धा नाहीत. रात्री जागून औषध लावलं आणि आज सकाळी तीस भांडी मुंबईला रवाना झाली. एक कमी का, म्हणून सजावटवाल्या बाईनं फोटो बघून विचारलं. एक घागर गळकी निघाली, मी म्हटलं. ती खूश आहे. आणखी शंभर हवी आहेत, नावं नसलेली. सहा वाजता ती विचारणार आहे, जमेल का. मला काय बोलायचं ते माहीत नाही. नाही म्हटलं तर दिवाळीनंतर हे शटर दुसरं कुणीतरी उघडेल, हे माहीत आहे. आणि मी हो म्हणेन याची भीती वाटते. तीच जास्त वाटते.

घागर समोरच्या फळीवर ठेवली आहे. नाव भिंतीकडं केलंय. कुणी उचलून भाव विचारू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगते. पण दुसरं कारण तुम्हाला ठाऊक आहे, तिनं माझ्याकडं बघितलेलं मला नको आहे. तो डबा अजून आहे, आप्पा. त्यात मी दुकानाच्या किल्ल्या ठेवते. हे पत्रही त्यातच ठेवीन. पाठवायचं कुठं, हा प्रश्न नाही. तुम्ही हे वाचावं असं मला वाटत नाही, कारण वर मी एक खोटं लिहिलं आहे आणि ते खोडून पुन्हा लिहायची हिंमत मघापासून होत नव्हती.

चाकाचा आवाज नव्हता. त्यानं फोन करायच्या आधी चाक बंद केलं होतं. शेडबाहेरच्या रस्त्यावरून गेलेल्या ट्रकचा हॉर्नसुद्धा मला ऐकू आला. तो म्हणाला, "ताई, चारपाच भांडी अलग काढून ठेवलीत मी. ये तो उस्ताद का हाथ दिसरा मेरेकू. घिसू का नक्को?" आणि मला सगळं कळलं होतं, कारण विकत घेतानाच पहिल्या घागरीवर बोट फिरवलं तेव्हा शिरोरेघेच्या शेवटाला ते खाली वळलं होतं आणि मी हात काढून घेतला होता. मी म्हणाले, "नाही हो, आप्पांचं नाही ते अक्षर. घासून टाका." तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर नसंल." मी फोन कानालाच धरून उभी होते. पलीकडं चाक सुरू झालेलं मी ऐकलं.